फेब्रुवारीतले ऊन, एप्रिल-मेमधली वादळे: महाराष्ट्राच्या उन्हाळी हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की प्रश्न यायला लागतात आणि मे संपेपर्यंत थांबत नाहीत. दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर प्रश्न ११ आणि १३ आधी वाचा. त्या दोन उत्तरांनी जीव वाचू शकतो, बाकीची सवडीने वाचली तरी चालतील.

१. अजून होळीही झाली नाही आणि इतकं ऊन कसं काय?

थंडी आपल्याकडे उत्तरेतून येते. हिमालयावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली) एकामागून एक जात राहिले की त्यांच्या मागून थंड, कोरडे वारे खाली उतरतात. फेब्रुवारीत ही मालिका तुटली आणि मध्य भारतावर किंवा अरबी समुद्रावर प्रतिचक्रवात (हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र) बसला, की हवा वरून खाली दबते आणि दबताना तापते. ढग धरत नाहीत, जमीन कोरडी पडलेली असते आणि दिवसही मोठा होत असतो. मग चार-पाच दिवसांतच हिवाळा संपल्यासारखा वाटतो.

हे पूर्वीही व्हायचं, पण आता वारंवार होतं. १९०१ पासूनच्या देशभराच्या नोंदींत मार्च २०२२ हा सर्वांत उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कमाल तापमानाच्या सरासरीने विक्रम केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महिन्याच्या एकूण सरासरी तापमानाने. चार वर्षांत असे तीन महिने आले, याला योगायोग म्हणणं मला पटत नाही. पृथ्वीचं मूळ तापमानच वर सरकलं आहे. त्यामुळे पूर्वी जी परिस्थिती ३५ अंशांवर थांबायची ती आता ३७ गाठते.

२. मुंबईला तर समुद्र आहे. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा ३८-३९ वर कसा जातो?

समुद्र असतो, पण त्याचा वारा उशिरा येतो. एरवी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा शहरात शिरतो आणि तापमान ३२-३३ वर रोखून धरतो. पूर्वेकडून जमिनीवरचे वारे जोरात असले की ते खाऱ्या वाऱ्याला दुपारी एक-दोनपर्यंत किनाऱ्यावरच थोपवतात. त्या दोन-तीन तासांत पारा भराभर चढतो. म्हणूनच मुंबई, ठाणे, रायगड आणि रत्नागिरीत विक्रमी तापमान भर मेपेक्षा फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात नोंदलं जातं. सांताक्रूझचा ४२.२ अंशांचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा आहे, तर २८ मार्च १९५६ ला तिथे ४१.७ अंश होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर महिना संपायच्या आतच हवामान विभागाला मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला.

३. आमच्या अकोल्यात ४२ अंश आहे, तरी उष्णतेची लाट जाहीर का होत नाही?

कारण लाट फक्त आकड्यावर ठरत नाही, त्या ठिकाणच्या सरासरीशी तुलना करून ठरते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. फरक ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. किनारपट्टीवर ४० ऐवजी ३७ ची अट आहे आणि डोंगराळ भागात ३० ची. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोहोचला की लाट आणि ४७ ला पोहोचला की तीव्र लाट धरतात. शिवाय एकाच हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे आपले चार उपविभाग.

म्हणून एप्रिलअखेर अकोल्याचे ४२ अंश नियमात बसत नाहीत, आणि मार्चमध्ये रत्नागिरीचे ३८ बसू शकतात. पण लाट जाहीर नाही म्हणजे ऊन सुरक्षित आहे, असा अर्थ काढू नका. शरीराला सरासरी कळत नाही.

४. मोबाइलवर ४०, गाडीत ४४ आणि बातम्यांत ३८. खरं काय मानायचं?

बातम्यांतला आकडा. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर सावलीत असतो. तो हवेचं तापमान मोजतो. गाडीतला आकडा रस्त्याच्या आणि इंजिनाच्या उष्णतेने फुगतो. मोबाइलवरचं ॲप बहुधा गणिती प्रारूपाचा अंदाज दाखवतं, तिथे मोजणी झालेलीच नसते.

स्वयंचलित केंद्रंही कधीकधी चुकतात. मे २०२४ अखेर नागपुरातल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर पसरली. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाने नंतर केला. आसपासच्या केंद्रांपेक्षा एकदम आठ-दहा अंश जास्त आकडा दिसला तर दुसरीकडे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका.

५. पारा ३५-३६ च असतो, तरी कोकणात जीव का घाबरा होतो?

घाम वाळला तर शरीर थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता वाहतो. त्यामुळे चंद्रपूरच्या कोरड्या ४२ अंशांपेक्षा पनवेलचे दमट ३७ अंश जास्त धोकादायक ठरू शकतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी आसपासचं तापमान ३८ अंशांच्या घरात होतं, म्हणजे चाळिशीही गाठलेली नव्हती.

रात्रीचं तापमानही पाहत जा. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर रात्रभर हवा थंड झालीच नाही, तर दुसऱ्या दिवसाचं ऊन आधीच थकलेल्या शरीरावर पडतं. वयस्कर माणसं, तान्ही मुलं, गरोदर बायका आणि हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना याचा त्रास आधी होतो.

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. मान, काखा आणि जांघांवर ओले फडके किंवा बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. काही जणांना उष्माघातातही घाम येत राहतो, म्हणून ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका.

६. इतकं कडक ऊन असताना वादळी पाऊस येतोच कुठून?

त्या उन्हामुळेच येतो. उन्हाचा इशारा आणि वादळाचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरतो, तिथेच गफलत होते.

तापलेली जमीन लगतची हवा तापवते आणि ती वर चढू पाहते. पण नुसती कोरडी गरम हवा चढली तर वावटळ उठते, पाऊस पडत नाही. ओलावा लागतो. तो बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेच्या वाऱ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात येतो किंवा अरबी समुद्रावरून घाट चढून येतो. उन्हाळ्यात विदर्भापासून मराठवाड्यामार्गे कर्नाटकापर्यंत बऱ्याचदा कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. अंदाजपत्रात त्याला ‘द्रोणिका’ म्हणतात. या पट्ट्याच्या एका बाजूला कोरडे वारे, दुसऱ्या बाजूला दमट वारे आणि मधल्या रेषेवर हवा वर ढकलली जाते. वर, सहा-सात किलोमीटरवर थंड हवा असेल तर ढग थांबतच नाही. तासाभरात तो दहा-बारा किलोमीटरची उंची ओलांडतो.

म्हणून अंदाजात ‘द्रोणिका’ हा शब्द दिसला आणि सकाळपासून घामाने अंग चिकट होत असेल, तर दुपारी तीननंतर सावध राहा. नुसतं कोरडं ऊन असेल तर वादळाची शक्यता कमी. वाचकांना मी दरवर्षी हेच सांगतो: उन्हाचा आकडा पाहताना हवेतला दमटपणाही पाहा.

७. मार्चमधला अवकाळी आणि मेमधला वळीव यांत फरक काय?

मार्चमधल्या पावसामागे बहुधा पश्चिमी विक्षोभ असतो. त्याच्या प्रभावाने वरच्या थरात थंड हवा येते आणि समुद्रावरून ओलावा ओढला जातो. हा पाऊस दोन-चार दिवस टिकू शकतो, मोठ्या पट्ट्यात पडतो आणि सोबत गारा आणतो. पिकं काढणीला आलेली असतात, म्हणून नुकसान जास्त. मेमधला वळीव स्थानिक असतो. दुपारी ढग जमतो, तासभर झोडपतो आणि संध्याकाळी आकाश मोकळं होतं. पाऊस गेल्यावर ओल्या जमिनीची वाफ आणि पुन्हा पडलेलं ऊन यामुळे दुसऱ्या दिवशी उकाडा जास्त जाणवतो, तो भास नव्हे.

८. भर उन्हात बर्फाच्या गारा कशा पडतात?

जमिनीवर ३८ अंश असले तरी चार-पाच किलोमीटर वर गेल्यावर तापमान शून्याखाली जातं. जोरदार वर चढणारी हवा पाण्याचे थेंब त्या थरात नेते, ते गोठतात. गोठलेल्या कणावर थंड पाण्याचे थर चढत जातात आणि हवेला तो पेलवेनासा झाला की खाली पडतो. मोठी गार म्हणजे ढगातला वर जाणारा प्रवाह तितका जोरदार.

मग मेमध्ये ऊन जास्त असूनही गारा कमी का? कारण तोवर गोठण्याची पातळी वर सरकलेली असते आणि लहान गारा खाली येताना वितळून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी खाली असते आणि पश्चिमी विक्षोभ वरून आणखी गारठा आणतो. विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राला हा फटका जास्त बसतो, कोकणाला क्वचित. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात थांबून थांबून गारपीट होत राहिली. गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब, संत्री सगळंच झोडपलं गेलं आणि जनावरंही दगावली. त्यानंतर गारपीट ही अधूनमधून येणारी किरकोळ आपत्ती आहे असं कुणी म्हणालं नाही.

९. ‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ म्हणजे माझ्या गावात पडणार की नाही?

जिल्ह्यातल्या पावसाच्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पडेल, इतकाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो. बार्शीत झोडपेल आणि वैरागला थेंब पडणार नाही. तुमच्या गावात पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं नसतं, आणि ‘तुरळक’ लिहिलंय म्हणून धोका कमी असंही नाही. ज्या गावावर तो ढग येतो तिथे तो पूर्ण ताकदीनेच येतो.

१०. पिवळा, नारिंगी, लाल: कोणत्या रंगाला काय करायचं?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारी करून ठेवा. लाल म्हणजे लगेच कृती करा. रंग ठरवताना संकट किती मोठं आहे आणि ते येण्याची शक्यता किती, या दोन्हींचा विचार होतो. उन्हाळी वादळांसाठी आपल्याकडे बहुधा पिवळाच इशारा येतो आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण वीज पडून माणसं जातात ती अशा पिवळ्या दिवशीसुद्धा. शेतात, मैदानात किंवा बांधकामावर काम असेल तर पिवळा इशारा तुमच्यासाठी नारिंगीच समजा.

११. अंदाज किती दिवस आधी खरा मानायचा?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

फेब्रुवारीअखेर हवामान विभाग मार्च ते मेचा दृष्टिक्षेप जाहीर करतो. त्यात कमाल-किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी आणि लाटेचे दिवस वाढतील का, एवढं कळतं. पाण्याचं नियोजन, शाळांच्या वेळा, रुग्णालयांतली तयारी यासाठी तो उपयोगी आहे. १८ एप्रिलला तुमच्याकडचं लग्न भिजेल का, हे त्यात नसतं आणि ते कोणालाच सांगता येत नाही.

दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, पुढचे दोन फक्त कल सांगतात. रोजचा जिल्हानिहाय पाच दिवसांचा इशारा काढणी, फवारणी, प्रवास यांसाठी वापरावा.

शेवटची पायरी म्हणजे पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा. मुंबई, नागपूर यांसारख्या ठिकाणच्या डॉप्लर रडारवर ढग प्रत्यक्ष दिसल्यावर तो दिला जातो. कोणत्या जिल्ह्यात विजा, वाऱ्याचा वेग किती, गारांची शक्यता आहे का, हे त्यात असतं. वादळाच्या बाबतीत मी फक्त यालाच निर्णायक मानतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवून सावध करतं. ‘मौसम’ आणि शेतकऱ्यांसाठीचं ‘मेघदूत’ हीही सरकारी ॲप आहेत.

थोडक्यात वापर असा: हंगामाचा अंदाज नियोजनासाठी, पाच दिवसांचा कामाच्या आखणीसाठी आणि तीन तासांचा स्वतःचा जीव सांभाळण्यासाठी. महिनाभर आधी तारखेनिशी गारपीट सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या भरवशावर काढणी पुढे-मागे करू नका.

१२. रानात रेंज नसते. वादळ येतंय हे स्वतः कसं ओळखायचं?

आकाशावरून बरंच कळतं. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग उभा वाढत असेल आणि त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला असेल, तर तो पक्का वादळी ढग. त्याचा तळ काळाकुट्ट होतो. पडलेला वारा अचानक सुटतो आणि गार लागतो. हा गार झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा आणि पाऊस-वीज तिच्या मागे काही मिनिटांवर असते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. इतके किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. खरं तर गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ निघायची वेळ झाली. पाऊस सुरू व्हायची वाट पाहू नका.

१३. शेतात काम करताना विजा सुरू झाल्या तर काय करायचं?

पक्क्या घरात जा. ते जवळ नसेल तर पत्र्याचं छत असलेल्या बंद मोटारीत, जीपमध्ये किंवा बसमध्ये बसा आणि काचा लावून घ्या. ट्रॅक्टर, दुचाकी, उघडी बैलगाडी यांचा आडोसा चालत नाही. चारही बाजूंनी उघडी असलेली पत्र्याची शेड किंवा ऊसतोड कामगारांची कोप पावसापासून वाचवेल, विजेपासून नाही.

झाडाखाली थांबू नका, आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. वीज झाडावर पडून शेजारी उभ्या माणसावर उडी घेते किंवा मुळांभोवतीच्या जमिनीतून पसरते. पावसाचे चार थेंब टाळायला आंब्याखाली किंवा लिंबाखाली गेलेली माणसं दरवर्षी जातात आणि हे वाचताना दरवर्षी तितकाच त्रास होतो, कारण यातले बरेच मृत्यू टळण्यासारखे असतात. विहीर, शेततळं, पाट यांतून बाहेर या. पंपाची मोटार बंद करायला म्हणून स्टार्टरपेटीकडे धावू नका. तारेचं कुंपण आणि विजेचे खांब यांच्यापासून दूर राहा. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर ढग दिसतानाच सोडून गोठ्यात न्या, विजा सुरू झाल्यावर नको.

काहीच आसरा नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. आडवे झोपू नका. घोळका करू नका, एकमेकांत अंतर ठेवा. हा अगदी शेवटचा उपाय आहे, त्याने धोका थोडा कमी होतो, संपत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच कामाला लागा.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा आणि १०८ ला कळवा. पहिल्या काही मिनिटांतली मदत माणूस परत आणू शकते.

१४. पायाळू माणसावर वीज पडते का? मोबाइलमुळे वीज ओढली जाते का?

पायाळू असण्याचा विजेशी काहीही संबंध नाही. वीज उंच, टोकदार आणि एकाकी वस्तूकडे जाते. त्या वेळी मोकळ्या रानात सर्वांत उंच कोण आहे, एवढंच महत्त्वाचं. या समजुतीपायी माणसाला पावसात घराबाहेर थांबवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभं करणं आहे.

मोबाइल वीज ओढत नाही, आसऱ्याच्या जागी बसून तो वापरायला हरकत नाही. मात्र चार्जिंगला लावलेला मोबाइल, तारेचा फोन, नळ, गीझर यांना विजा चमकत असताना हात लावू नका.

१५. शहरात वादळाचा धोका कशाचा असतो?

वाऱ्याचा. ढगातून कोसळणारी हवा जमिनीवर आपटून पसरते तेव्हा काही मिनिटं ताशी ६० ते ९० किलोमीटरचे झोत येऊ शकतात. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला. वारा थांबेपर्यंत होर्डिंग, बांधकामाच्या परांच्या, जुनी झाडं आणि पत्र्याचे मांडव यांच्याखाली आसरा घेऊ नका, मग भिजलात तरी चालेल. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, सोलरची पॅनेल, कुंड्या मार्चमध्येच नीट बांधून घ्या. लग्नसराईत मांडव घालणाऱ्याला दोर आणि खुंट्यांबद्दल आधीच विचारा.

१६. आपल्याकडे टोर्नेडो होतो का?

क्वचितच. दुपारी निरभ्र आकाशाखाली जमिनीवरून गरगरत उठते ती वावटळ असते, तिचा ढगाशी संबंध नसतो आणि ती बहुधा काही मिनिटांत विरते. झाडं एकाच दिशेला आडवी झालेली दिसली तर ते काम प्रश्न १५ मधल्या सरळ झोतांचं.

१७. काढणीच्या तोंडावर इशारा आला. पीक कसं वाचवू?

पीकनिहाय उत्तर वेगळं आहे. गहू-हरभरा पक्व असेल तर दोन दिवस आधी काढून मळणी उरका. मळणी होणार नसेल तर ढीग उंचवट्यावर रचून ताडपत्री बांधा, नुसती टाकलेली ताडपत्री पहिल्या झोतात उडते. गहू अजून दाणे भरण्याच्या अवस्थेत असेल आणि अवेळी उष्णता वाढली असेल, तर हलकं पाणी द्या, पण वाऱ्याच्या दिवशी देऊ नका, पीक लोळतं.

द्राक्षात गोडी भरलेल्या घडांवर पाऊस पडला की मणी तडकतात. काढणीला आलेला माल इशारा मिळताच उतरवा. सांगली-तासगाव भागात बेदाण्याच्या शेडला बाजूचे पडदे आधी बांधा. भिजलेल्या बेदाण्याचा रंग जातो आणि रंगावरच भाव ठरतो. शिजवून वाळत घातलेल्या हळदीचंही तेच, हिंगोली-वसमतकडच्या वाचकांनी रात्री ती उघडी ठेवू नये.

उन्हाळ कांदा काढून शेतात ओळीने पातीखाली झाकून वाळवतात. पावसाची शक्यता असेल तर तो सावलीत हलवा. भिजलेला कांदा कधीच चाळीत भरू नका, तो शेजारचाही सडवतो.

हापूसला उष्णता आणि पाऊस दोन्हीचा त्रास. मोहोर आणि कणी असताना पारा चढला की गळ होते आणि फळावर चट्टे पडतात. पाऊस पडला की करपा वाढतो. तयार होत आलेल्या फळाला कडक उष्णता लागली तर साका (आतल्या गरात पांढरट, स्पंजासारखा भाग) धरतो, जो बाहेरून दिसत नाही. चौदा आणे तयार फळ सकाळी लवकर देठासह उतरवून लगेच सावलीत न्यावं.

फवारणी मात्र वादळाच्या आदल्या दिवशी करू नका, धुऊन जाते.

१८. गारा फोडणाऱ्या तोफा खरंच चालतात का?

आवाजाच्या लहरींनी गार बनणं थांबतं याला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. वादळी ढगातल्या गडगडाटाचा आवाजही काही कमी नसतो आणि त्याने गारा थांबत नाहीत. खर्च करायचाच असेल तर बागेवर गारपीटरोधक जाळी किंवा द्राक्षावर प्लॅस्टिकचं आच्छादन घ्या. जाळी महाग आहे, पण ती काम करते.

१९. नुकसान झालं. भरपाईसाठी काय करायचं?

दोन वेगळे मार्ग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला शासकीय मदतीचा. महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी मिळून पंचनामा करतात. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तरच मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी आपत्ती निधीचे दर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागांना २२,५०० असे होते, कमाल दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार वेगळ्या निर्णयाने यात कधी भर घालतं. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मिळतात, त्यासाठी शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या घाईत तो राहून जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरा मार्ग विम्याचा. एक रुपयातली पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागली. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. मदत क्रमांक १४४४७. अटी हंगामागणिक बदलतात, म्हणून पावती आणि चालू हंगामाचा शासन निर्णय जवळ ठेवा.

दोन्हींसाठी शेत साफ करण्याआधी तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. गारा वितळतात, आडवं पीक जनावरं खातात आणि मग सांगायला काही उरत नाही.

२०. एकाच दिवशी उष्णतेचा आणि वादळाचाही इशारा आला. कोणता खरा?

दोन्ही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी ४३ अंश आणि पाच वाजता ५० किलोमीटरचा वारा हे नेहमीचं आहे, कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. अशा दिवशी बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत संपवा. ‘दुपारचं ऊन टाळून संध्याकाळी चारला शेतात जाऊ’ हा एरवीचा शहाणपणाचा बेत त्या दिवशी तुम्हाला नेमका विजांच्या वेळी रानात नेतो.

२१. ‘सूर्य विषुववृत्तावर येणार, पाच दिवस बाहेर पडू नका’ असा संदेश फिरतोय. खरं आहे का?

नाही. २०-२१ मार्चचा विषुवदिन दरवर्षी येतो आणि त्यामुळे पारा अचानक चढत नाही. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो मेमध्ये, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी. तो मुंबईत १५ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या आसपास. इशारा खरा असेल तर तो जिल्ह्याच्या नावासह हवामान विभागाच्या पानावर दिसतोच.

२२. उन्हाळा जितका कडक तितका पाऊस चांगला, हे खरं का?

इतकं सरळ नाही. जमीन तापल्याने मान्सूनला ओढ मिळते हे खरं, पण पावसाचं प्रमाण प्रशांत महासागरातल्या एल निनोपासून हिंदी महासागराच्या तापमानापर्यंत अनेक गोष्टींवर ठरतं. कडक उन्हाळ्यानंतर दुष्काळही आलेला आहे. पावसाचा अंदाज एप्रिलच्या मध्यात येतो आणि मेअखेर सुधारतो, तो पाहा.

२३. मेअखेर दणकून पाऊस झाला. मान्सून आला समजून पेरणी करू का?

थांबा. वळवाचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, गावागावांत फरक पडतो आणि मध्ये कडक ऊन पडतं. मान्सूनचा पाऊस नैऋत्येच्या सलग वाऱ्यांसोबत येतो आणि मोठ्या भागात दिवस-रात्र पडतो. रोहिण्या बरसल्या म्हणून मृग बरसेलच असं नाही.

मान्सून खरोखर आला तरी घाई नको. २०२५ मध्ये तो २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पंधरवडाभर आधी. कुलाब्यात मेच्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रमही मोडला. पण नंतर जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची वाटचाल अडली आणि बऱ्याच भागांत पेरणीसाठी थांबण्याचा सल्ला द्यावा लागला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेली आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या विस्तारित अंदाजात खंड दिसत नसेल, तरच चाड्यावर मूठ धरा. तोवर वखरणी करून रान तयार ठेवा आणि बियाण्याची उगवणक्षमता घरी तपासून घ्या.